पदवीची फी सरकार भरेल का?

राजापूर तालुक्यातल्या एका सागरी पोलीस ठाण्यातून एका महिला पोलीस शिपाई ताईंचं पत्र आलं आहे. वय २९, नोकरी सात वर्षांची, शिक्षण बारावी वाणिज्य, पदरात चार वर्षांची मुलगी, नवरा मच्छीमारी बोटीवर. त्या लिहितात:

"भरती झाले तेव्हा वाटलं होतं, नोकरी करता करता पदवी पूर्ण करीन. सात वर्षं बंदोबस्तात गेली. आता ठरवलंय. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की जास्तीचं शिक्षण घेतलं की सरकार तीस हजारांपर्यंत बक्षीस देतं. अमेरिकेत तर म्हणे पोलिसांच्या पदवीचा खर्च सरकार उचलतं आणि पगारही वाढवतं. आपल्याकडे असं काही आहे का? ओळखीतला एक एजंट म्हणतो, परराज्यातल्या विद्यापीठातून घरबसल्या एलएलबी करून देतो, नव्वद हजार लागतील. की अध्ययन रजा घेऊन थेट कायद्याचंच शिक्षण घेऊ? शिवाय बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. त्याचं काय करायचं?"

ताई, पहिलं काम एजंटला नाही म्हणण्याचं. घरबसल्या एलएलबी हा प्रकारच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार कायद्याची पदवी दूरशिक्षणाने होत नाही. प्रत्येक विषयाला किमान ७० टक्के हजेरी लागते. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर महाविद्यालयं विद्यार्थ्याकडून नोकरीत असल्याचं लेखी घेतात आणि मालकाचा, म्हणजे तुमच्या बाबतीत खात्याचा, ना-हरकत दाखला मागतात. आता विचार करा: ज्या दिवशी नाकाबंदीच्या नोंदीत तुमची सही, त्याच दिवशी कुठल्या तरी परराज्यातल्या वर्गात तुमची हजेरी. हे कागद कधी ना कधी एकमेकांसमोर येतात. तेव्हा एजंट सापडत नाही. खातेनिहाय चौकशी आणि फौजदारी गुन्हा दोन्ही तुमच्या नावावर. नव्वद हजार रुपये हा त्यातला सगळ्यात लहान तोटा.

आता पैशाचं. तो मेसेज अर्धवट खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जास्तीच्या शिक्षणावर एकरकमी प्रोत्साहन ठरवलं, १० हजारांपासून पीएचडीला ३० हजारांपर्यंत. त्यातही शिक्षण कामाशी थेट जोडलेलं हवं, निव्वळ साहित्यिक विषयाची पदवी चालत नाही. हे केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, राज्य पोलीस दलासाठी नाही. पोलीस आधुनिकीकरणाच्या कोटींच्या आकड्यांवरूनही असाच गैरसमज होतो. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने त्या छत्र योजनेला २६,२७५ कोटी मंजूर केले होते खरे, पण तो पैसा उपकरणं, वाहनं, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, दळणवळण अशा गोष्टींचा. शिपायाच्या बीएची फी त्यात बसत नाही. शिष्यवृत्त्यांचंही तसंच. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा असलेली कुठलीही योजना तुमच्या हाताबाहेर आहे, कारण शिपायाच्या वेतनश्रेणीचा नुसता सुरुवातीचा मूळ पगार २१,७०० धरला तरी वर्षाचे २,६०,४०० होतात.

राहिला पोलीस कल्याण निधी. तो मुळात तुमच्याच वर्गणीवर उभा आहे आणि शिक्षणासाठी त्यातून जे मिळतं ते प्रामुख्याने पोलीस पाल्यांना. मुलगी शाळेत जायला लागली की दरवर्षी कल्याण शाखेचं परिपत्रक बघत जा, ते बऱ्याचदा सूचना फलकावर चार दिवस राहून गायब होतं. स्वतःच्या फीसाठी अर्ज करायला हरकत नाही, पण मिळेल असं धरून हिशोब मांडू नका.

मग सार्वजनिक पैसा तुमच्या वाट्याला येतच नाही का? येतो, पण रोख रकमेत नाही. सरकारी मुक्त विद्यापीठाची कमी फी हा त्याचा एक भाग आणि भरपगारी रजा हा दुसरा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (नाशिक, स्थापना १९८९) किंवा इग्नू, म्हणजे केंद्राचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, दोन्हीकडे साध्या पदवीची वर्षाची फी चार आकड्यांत राहते. तुमच्यासारख्या नोकरदार माणसाची पदवी फीवाचून अडत नाही. अडते ती परीक्षेच्या दिवशी मोकळं न सुटल्यामुळे. म्हणून आमचा सल्ला असा, की खात्याकडे पैसे मागण्याआधी वेळ मागा, आणि तो लेखी मागा.

कोणतं विद्यापीठ? मराठीतून लिहायचं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ. इग्नूचं साहित्य मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत आहे, पण इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये येतात आणि कोकणात ही मोठी सोय आहे. भाद्रपदात गणपती, फाल्गुनात शिमगा, या दोन्ही वेळी तुम्हाला रजा मिळणार नाही हे तुम्हीच आम्हाला सांगाल. जूनमध्ये मासेमारी बंदी (१ जून ते ३१ जुलै) सुरू असते, होड्या वर ओढलेल्या असतात, नवराही घरी असतो, त्यामुळे मुलीची सोय होते. मात्र इग्नूत एक खाच आहे. परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि जूनच्या परीक्षेचा अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये, डिसेंबरचा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एक शिमग्याच्या धामधुमीत, दुसरा गणपती-नवरात्राच्या. पालखीच्या बंदोबस्तात तारीख निघून जाते आणि सहा महिने वाया जातात. स्वाध्यायाचंही तसंच: परीक्षा दिली, स्वाध्याय दिले नाहीत, विषय अपूर्ण. पण इग्नूची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते, तेव्हा एखादं सत्र गेलं म्हणून हाय खाऊ नका.

विषयाबद्दल एवढंच: स्पर्धा परीक्षा डोळ्यांसमोर असेल तर बीए, राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन घेऊन. हिशोबात गोडी असेल तर बीकॉम सोडू नका, पतपेढ्यांच्या फसवणुकीच्या तपासात ताळेबंद वाचता येणारा अंमलदार लागतो आणि तसे फार थोडे असतात.

इथे वयाचा हिशोब मात्र आजच करा. पदवी ३२ व्या वर्षी हातात येईल. लोकसेवा आयोगाच्या सरळसेवा पीएसआयला खुल्या गटाची मर्यादा ३१ आणि मागासवर्गीयांची ३४. तुम्ही खुल्या गटात असाल तर तो दरवाजा पदवी मिळेपर्यंत बंद होतो. खात्यातल्यांसाठीच्या विभागीय पीएसआय परीक्षेचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, तिथे जाहिरात येईल तेव्हा तीच प्रमाण. पण राज्यसेवा, राज्य कर निरीक्षक, मंत्रालयातला सहायक कक्ष अधिकारी यांना खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत मुभा आहे. म्हणजे सहा वर्षं तरी हातात राहतात. पदवीचा उपयोग नाही असं कुणी म्हणालं तर हा हिशोब पुढे करा.

आता परवानगी. प्रवेश आधी आणि परवानगी मागून, ही चूक आम्हाला आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त दिसते. मग पदवी हातात असूनही सेवापुस्तकात नोंद होत नाही, कार्योत्तर परवानगीसाठी खेटे सुरू होतात आणि नोंद नसलेली पदवी खात्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. दूरशिक्षणाचे प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीत असे दोनदाच होतात. जुलै धरायचा तर अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे. प्रभारी अधिकाऱ्यांमार्फत, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडून, पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या आस्थापना शाखेपर्यंत.

अर्जात भावना नको, माहिती हवी. असा लिहा:

"विषय: सेवेत राहून दूरशिक्षणाने पदवी शिक्षण घेण्यास पूर्वपरवानगी मिळणेबाबत. महोदय, मी अमुक बक्कल क्रमांक, अमुक पोलीस ठाणे येथे अमुक तारखेपासून कार्यरत आहे. मला अमुक विद्यापीठाच्या अमुक अभ्यासक्रमास (कालावधी ३ वर्षे, दूरशिक्षण पद्धती) चालू वर्षाच्या जुलै सत्रात प्रवेश घ्यावयाचा आहे. सदर विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या मान्यता यादीत असून यादीची प्रत सोबत जोडली आहे. संपर्कसत्रे रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी असून परीक्षा वर्षातून अंदाजे अमुक दिवस आहेत. अभ्यासक्रमाचा खर्च मी स्वतः करणार आहे. कर्तव्यात बाधा येऊ देणार नाही. परीक्षेच्या दिवसांकरिता देय रजा मंजूर होण्यास विनंती आहे."

शेवटची तीन वाक्यं एकत्र ठेवा. खर्च स्वतःचा म्हटलं की लिपिकाला निधीचा प्रश्न काढायला जागा उरत नाही, आणि रजेचा उल्लेख आला की पुढे परीक्षेच्या वेळी मूळ परवानगीचाच आधार मिळतो. अर्ज दोन प्रतींत न्या. एक प्रत ठाण्यातल्या बारनिशीकडे (आवक-जावक टेबलावर) द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही घेऊन घरी ठेवा. तोंडी "बघू, पाठवतो" यावर थांबू नका. तीन आठवड्यांनी अधीक्षक कार्यालयात तो क्रमांक सांगून चौकशी करा. २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्यानुसार एका टेबलावर फाइल साधारण सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये आणि दुसऱ्या विभागाकडे जाण्याची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. हा कायदा अर्जात लिहून धमकावू नका, कटुता येते. विनंतीची स्मरणपत्रं मात्र तारखेनिशी देत राहा. तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

परवानगी मिळाली की प्रवेशाआधी दोन ओळखक्रमांक काढून ठेवा: डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर डीईबी, म्हणजे दूरशिक्षण मंडळाचा, आयडी. २०२४ पासून दूरशिक्षणाला हे लागतात. शेवटच्या रात्री साइट चालत नाही, आणि तुमच्या खाडीकाठच्या ठाण्यात रेंज कधी येते हे तुम्हालाच ठाऊक. प्रवेश अर्ज भरायला तालुक्याच्या गावी जाऊन सकाळी बसा.

परीक्षेच्या रजेचं गणित आधीच मांडा. शिपायापासून निरीक्षकापर्यंत नैमित्तिक (किरकोळ) रजा वर्षाला १२ वरून २० झाल्या आहेत. वर्षात परीक्षेचे दिवस आठ-दहा. किरकोळ रजा मुलीच्या आजारपणात आणि नातेवाइकांच्या लग्नांत मार्च-एप्रिलमध्येच संपवून बसलात तर डिसेंबरला हात रिकामे, कारण त्या वर्षअखेर बाद होतात, साठत नाहीत. निदान दहा परीक्षेसाठी बाजूला ठेवा. हक्क रजा दर सहामाहीला १५ दिवस जमा होते. पेपर सलग असतील तर हक्क रजाच घ्या, मधले रविवार-सुट्ट्या मोजल्या गेल्या तरी रोज अर्ज करत बसण्यापेक्षा बरं. बालसंगोपन रजेचे १८० दिवस मात्र अभ्यासाला वापरू नका. ती मुलीसाठी आहे, तिची दहावी-बारावी अजून यायची आहे, आणि कारण वेगळं निघालं तर उत्तर द्यावं लागेल.

हॉल तिकीट आलं की त्याच दिवशी प्रत रजेच्या अर्जाला जोडून प्रभारी अधिकाऱ्यांकडे द्या आणि हजेरी मास्तरांनाही दाखवा. ड्यूटी तेच लावतात आणि ऐन वेळी कळलं तर त्यांचीही अडचण होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ प्रमाणे पोलीस सदैव कर्तव्यावर मानला जातो, तेव्हा मंजूर रजाही रद्द होऊ शकते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तळियेला दरड कोसळली, तेव्हा कुणी कुणाची परीक्षा विचारली नसती आणि विचारूही नये. अशा वेळी रजा रद्द झाल्याचा लेखी आदेश किंवा निदान ठाणे दैनंदिनीतील नोंदीचा क्रमांक मागून घ्या. विद्यापीठ फी परत देईलच असं नाही, पण पुढच्या वेळी रजा मागताना तो कागद तुमच्या बाजूने बोलतो. बदलीचा संभव असेल तर परीक्षा केंद्र जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी, एसटीच्या हमरस्त्यावर घ्या, कोपऱ्यातलं नको.

आता अध्ययन रजा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये ती आहे: किमान पाच वर्षांची सेवा, एका वेळी साधारण १२ महिने, संपूर्ण सेवेत २४ महिने, परत येऊन ठरावीक काळ नोकरी करण्याचं बंधपत्र. तुमची सात वर्षं झाली आहेत, म्हणजे सेवेची अट पूर्ण होते. पण शिक्षणाचा कामाशी थेट आणि जवळचा संबंध दाखवावा लागतो. साध्या बीएला तो दाखवता येत नाही. एलएलबीला दाखवता येतो, पण एलएलबी तीन वर्षांची आणि रजा दोन वर्षांची. उरलेलं वर्ष हक्क रजा आणि बिनपगारी यांतून काढावं लागेल. शिवाय ठाण्यातलं एक मनुष्यबळ एवढा काळ सोडायला वरिष्ठ सहजी तयार होत नाहीत. आणि पदवी झाली तरी नोकरीत असेतो वकिलीची सनद घेऊन कोर्टात उभं राहता येणार नाही, पूर्णवेळ पगारदाराला बार कौन्सिलचे नियम ती मुभा देत नाहीत.

कायद्याची ओढ खरीच असेल तर क्रम असा धरा. आधी पदवी, किमान ४५ टक्क्यांनी (मागासवर्गीयांना सवलत आहे), मग तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी आणि रत्नागिरीत मुख्यालयात नेमणूक मिळाली तरच प्रवेश. राजापूरच्या किनाऱ्यावरून रोज रत्नागिरीच्या वर्गात ७० टक्के हजेरी भरणं होणार नाही, स्वतःला फसवू नका. अध्ययन रजा तोपर्यंत राखून ठेवा. सायबर किंवा न्यायवैद्यक विषयातला वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घ्याल तेव्हा ती चपखल बसेल. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडणं, हे सगळं ठाण्याच्या पातळीवर आलं आहे. संबंध दाखवायला आणखी काय हवं? त्याची पूर्वतयारी आजच फुकट करता येते: भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या सायट्रेन पोर्टलवर पोलिसांसाठी मोफत अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रासह. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी तासभर दिलात तरी पुढे सरकता येतं, आणि प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात घ्यायला सांगा.

फीसाठी कर्ज काढू नका, चार आकडी रकमेला त्याची गरज नाही. एक चूक मात्र टाळा: आयकराच्या जुन्या पद्धतीत शिक्षण शुल्काची जी वजावट आहे ती मुलांच्या फीची, स्वतःच्या नाही. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची वजावट स्वतःच्या शिक्षणालाही मिळते, तीही जुन्याच पद्धतीत.

अमेरिकेचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण पुढची गोष्टही ऐका. १९६८ च्या कायद्याने तिथे संघराज्य सरकारने पोलिसांच्या महाविद्यालयीन शिक्षणाला अनुदान आणि कर्ज दिलं. नोकरीत राहिल्यास दर वर्षामागे कर्जाचा चौथा हिस्सा माफ. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७० मध्ये वेगळाच कायदा केला: दोन वर्षांच्या पदवीला पगाराच्या १० टक्के, पूर्ण पदवीला २०, पदव्युत्तर किंवा कायद्याच्या पदवीला २५ टक्के वाढ, खर्च राज्य आणि गाव निम्मा-निम्मा. झालं काय, तर पगार वाढतो म्हणून हलक्या अभ्यासक्रमांचं पीक आलं आणि पुढे नियम कडक करावे लागले. मग २००९ च्या मंदीनंतर राज्याने आपला निम्मा वाटा आवरता घेतला, आणि २०१२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याचा बुडालेला वाटा भरून देण्याचं बंधन गावांवर नाही. ज्यांनी त्या पैशावर घर उभं केलं होतं त्यांचं काय झालं असेल?

आपल्याकडेही सरकारने पोलिसांच्या शिक्षणावर खर्च करावा असं आम्हाला मनापासून वाटतं. बारावीवर भरती झालेल्या अंमलदाराकडून डिजिटल पुराव्याचं काम घ्यायचं आणि त्याच्या शिक्षणाचा भार त्याच्या एकट्याच्या खिशावर टाकायचा, हे न्याय्य नाही. पण तो खर्च पगाराच्या टक्क्यांत नको. उत्तीर्ण झालेल्या विषयाची फी पावतीवर परत आणि परीक्षेच्या दिवसांची हमखास रजा, एवढ्या दोन गोष्टी झाल्या तरी बनावट पदव्यांना वाव राहत नाही आणि खर्चही बेताचा. पोलिसांना परवानगीशिवाय संघटना करायला १९६६ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तुमची हक्काची जागा एकच: अधीक्षकांचा दरबार. तिथे "आम्हाला शिक्षणाला मदत करा" असं मोघम बोलू नका. दरबाराआधी तुमच्या ठाण्यात आणि शेजारच्या दोन ठाण्यांत किती जण दूरशिक्षण घेतात, गेल्या वर्षी किती पेपर बंदोबस्तामुळे बुडाले, हे कागदावर उतरवा. "जिल्ह्यातल्या इतक्या अंमलदारांचे इतके पेपर बुडाले, परीक्षेचं वेळापत्रक आगाऊ घेऊन रजा नोंदवही ठेवावी" ही मागणी अधीक्षक आपल्या अधिकारात, एक रुपया न खर्चता मान्य करू शकतात. फी परतीचा प्रस्ताव त्यानंतर कल्याण शाखेमार्फत वर जाऊ द्या.

आणि नावाचं. प्रवेश बारावीच्या गुणपत्रिकेवरून होतो, एबीसी आयडी आधारवरून निघतो, दोन्ही जुळले नाहीत तर अर्ज अडकतो किंवा पदवीवर भलतंच नाव छापून येतं. आधी सेवापुस्तकात कोणतं नाव आहे ते बघा. तिथे माहेरचं असेल तर आधार माहेरच्या नावावर परत आणणं सोपं. सासरचं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो, विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. राजपत्राच्या त्या पानाच्या चार-पाच प्रती साक्षांकित करून ठेवा आणि प्रवेश अर्जालाही एक जोडा. यात काही आठवडे जातात, म्हणून एप्रिलच्या परवानगी अर्जाच्याही आधी, हे काम पहिलं उरका.